2007 सालचा एकही खेळाडू आज मैदानात नाही

बझरबीटर हा ऑनलाइन बास्केटबॉल मॅनेजमेंटचा खेळ 2007 साली सुरू झाला. आज त्यात संघ घेणाऱ्या नव्या माणसाला पहिल्या काही आठवड्यांतच कुणीतरी ऐकवतं, "उशीर केलात. आधी आलेले आता कुणाच्या हाती लागत नाहीत." हे ठासून सांगणाऱ्यांत एक जुने मॅनेजर आहेत. त्यांचं नाव घेण्याचं कारण नाही. ते खूप आधी आले, संघ उत्तम चालवतात, आकडेमोडीत पक्के आहेत. म्हणूनच त्यांचं बोलणं खटकतं. ज्याला आकडे कळत नाहीत तो असं म्हणाला असता तर सोडून दिलं असतं. पण त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि ते ऐकून कॉलेजातली पोरं दुसऱ्या सीझनमध्येच संघ वाऱ्यावर सोडून निघून जातात. हे मी पाहिलं आहे आणि त्याचा मला राग आहे.

त्यांचा युक्तिवाद असा. जुन्या संघाचा अरीना मोठा, म्हणून दर आठवड्याची तिकीटविक्री मोठी. विक्री मोठी म्हणून पगार परवडतात, पगार परवडतात म्हणून चांगले खेळाडू टिकतात, त्यामुळे संघ वरच्या श्रेणीत राहतो, आणि तिथे पुन्हा प्रेक्षक जास्त. हे चक्र नव्याला भेदता येत नाही. तेव्हा एकतर दर काही वर्षांनी सगळे संघ पुसून शून्यापासून सुरुवात करा, नाहीतर नव्यांना घसघशीत अनुदान द्या. दोन्ही जमत नसेल तर नव्यांनी यायचंच कशाला?

चक्र आहे, ते मी नाकारत नाही. पण त्या चक्रातला सगळ्यात महत्त्वाचा घटक या गृहस्थांनी हिशेबातच धरला नाही. तो म्हणजे खेळाडूचं वय.

या खेळात एक सीझन 14 आठवड्यांचा असतो आणि प्रत्येक सीझनला खेळाडू एका वर्षाने मोठा होतो. अठराव्या वर्षी ड्राफ्टमधून आलेला मुलगा तीस वर्षांचा व्हायला बारा सीझन, म्हणजे 168 आठवडे लागतात. खऱ्या कॅलेंडरवर ही जेमतेम सव्वातीन वर्षं झाली. तिशी ओलांडली की आज ना उद्या त्याची कौशल्यं उतरणीला लागतात. याचा सरळ अर्थ असा की 2007 साली कुणी जगातला सर्वोत्तम सेंटर विकत घेतला असेल, तर 2011 उजाडेपर्यंत तो उताराला लागलेला होता. त्यानंतर त्या जुन्या संघाला सगळं नव्याने उभं करावं लागलं, मग पुन्हा एकदा, मग पुन्हा. आज जो संघ शिखरावर दिसतो तो आधी आल्यामुळे तिथे आहे असं म्हणणं म्हणजे मधल्या साऱ्या पिढ्यांची मेहनत पुसून टाकणं आहे. खुद्द या गृहस्थांच्या संघात पहिल्या सीझनचा कोणता खेळाडू शिल्लक आहे? एकही नाही. असूच शकत नाही. मग आधी येऊन त्यांनी जे मिळवलं ते आज नेमकं कोणत्या रूपात त्यांच्याजवळ आहे, ते तरी त्यांनी सांगावं.

पगाराचंही तसंच. पगार दर सीझनच्या सुरुवातीला खेळाडूच्या कौशल्यांवरून नव्याने ठरतो आणि दर सोमवारी हिशेबातून वजा होतो. खेळाडू जितका चांगला तितका तो महाग, आणि ही महागाई संघाच्या वयाकडे बघत नाही. जुन्या संघाला सवलतीच्या दरात सेंटर मिळत नाही. उलट वरच्या श्रेणीत टिकायचं म्हणून त्याला प्रत्येक सीझनला महागडे पगार ओढावेच लागतात, आणि एक सीझन फसला की खालच्या श्रेणीत उतरताना तेच पगार गळ्याशी येतात.

आणि आता तो मुद्दा, ज्यावर हे गृहस्थ कधीच बोलत नाहीत. या खेळात ट्रेनिंग आठवड्यातून एकदा, शुक्रवारी लागू होतं. खेळाडूला त्याचा पूर्ण लाभ मिळायचा असेल तर त्या आठवड्यात, त्या ट्रेनिंगला लागू असलेल्या जागेवर, त्याने 48 मिनिटं खेळलेलं असावं लागतं. म्हणजे उंच पोराला चेंडू हाताळायला शिकवायचं असेल तर त्याला सेंटरच्या जागी उभं करून चालत नाही, गार्ड म्हणून उतरवावं लागतं. आणि कच्च्या, उंच, संथ पोराला गार्ड म्हणून उतरवलं की सामना हातचा जाऊ शकतो.

मध्यंतरी एका नव्या मॅनेजरची आठवड्याची आखणी मी बारकाईने पाहिली. संघ चौथ्या श्रेणीतला. पोरगा अठरा वर्षांचा, सहा फूट नऊ इंच. कुणीही त्याला रिंगखाली उभा केला असता; याने पॉइंट गार्ड केला. शनिवारी 31 व्या मिनिटाला त्याचा सहावा फाउल झाला आणि तो बाहेर बसला. 17 मिनिटं कमी पडली. मॅनेजरने आठवड्याच्या मधल्या फ्रेंडलीत त्याला पुन्हा त्याच जागी उतरवलं. समोरच्या चपळ गार्डने त्याला सतत चकवलं, सामना मोठ्या फरकाने गेला, पण मिनिटं भरली. शुक्रवारी निकाल आला तेव्हा हँडलिंग एक पायरी वर सरकलं होतं. फ्रेंडली हरल्याने त्याचं काही बिघडलं नव्हतं, आणि लीगमधल्या त्याच्या जागेलाही धक्का लागला नव्हता, कारण खालच्या श्रेणीत निम्मे प्रतिस्पर्धी आपला संघ रोज उघडूनही बघत नाहीत.

हीच गोष्ट पहिल्या श्रेणीतला मॅनेजर करू शकेल का? नियमित सीझनचे सामने फक्त 22. दोन-तीन चुकीचे गेले की प्लेऑफ हुकतो, आणखी थोडे गेले की श्रेणीच जाते. तो कच्च्या सेंटरला गार्ड म्हणून उतरवू शकत नाही. त्याला प्रत्येक शनिवार जिंकायचा असतो. म्हणून शिखरावरचे बरेच संघ पोरं घडवत नाहीत, दुसऱ्यांनी घडवलेली विकत घेतात. आणि ती विकत कुणाकडून घेतात? खालच्या श्रेणीतल्या त्याच नव्या, धीराच्या मॅनेजरकडून, ज्याला हे गृहस्थ सांगत असतात की तुझी इथे जागा नाही. हरायची मुभा हे नव्या संघाचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. जुन्या संघाकडे ते नाही, आणि कितीही पैसे टाकून ते विकत मिळत नाही.

बँकेतल्या शिलकीचं काय? ती खर्च केली की संपते, आणि खेळाडूवर खर्च केली की त्याच्या वयाबरोबर विरते.

अरीनाचा मुद्दा मात्र खरा आहे. खुर्ची म्हातारी होत नाही. एकदा बांधलेली बसण्याची जागा पुढचे सगळे सीझन पैसे देत राहते, आणि हा लाभ आधी आलेल्याच्या पदरात निश्चित पडला आहे. पण खुर्च्या वाढवत गेलं की त्या त्याच दराने भरत नाहीत, तिकीट उतरवावं लागतं. पहिल्या काही हजार खुर्च्या जेवढं देतात तेवढं नंतरच्या देत नाहीत. त्यामुळे नव्या संघाने पहिले तीन-चार सीझन नेटाने बांधकाम केलं तर फरक बराच आटोक्यात येतो.

राहिलं ज्ञान. जुन्यांना खेळ जास्त कळतो, हे उघड आहे. पण याच खेळात युटोपिया नावाचा एक काल्पनिक देश आहे. पैसे भरून सदस्य झालेल्यांना तिथे दुसरा संघ चालवता येतो. तिथे पहिल्या संघातला खेळाडू नेता येत नाही, पैसा नेता येत नाही, अरीना तर नाहीच. डोकं तेवढं नेता येतं. जुने मुरलेले मॅनेजर तिथेही वर येतात, आणि ते येतात ते केवळ समजुतीच्या जोरावर. समजूत शिकता येते, आणि ती शिकायला 2007 साली हजर असण्याची अट नाही. ज्याला ती आहे त्याने नव्याला शिकवावी. दार लावून घेऊन आतून "जागा नाही" असं ओरडणं जुन्या माणसाला शोभत नाही.

सदस्यत्वाचा विषय निघालाच आहे तर त्या जुन्या वादाबद्दलही बोलतो. पैसे भरणाऱ्यांचे संघ जिंकतात, ही तक्रार मी सुरुवातीपासून ऐकतो आहे. सदस्यत्वाने आकडेवारीची सोय मिळते, हा दुसरा संघ मिळतो. त्याने पहिल्या संघाच्या पोराचं ट्रेनिंग वेगाने होत नाही, पगार कमी होत नाही, रिबाउंड वाढत नाही. कितीदा सांगितलं तरी दर दोन वर्षांनी हीच तक्रार नवे कपडे घालून उभी राहते, आणि "आधी आलेले जिंकतात" ही तिचीच धाकटी बहीण आहे. हरण्याचं कारण आपल्या आखणीत शोधण्यापेक्षा दुसऱ्याच्या खिशात किंवा जन्मतारखेत शोधणं सोपं जातं.

हे फक्त याच खेळाचं नाही. स्वीडनमधला हॅट्रिक हा फुटबॉल मॅनेजमेंटचा खेळ 1997 सालचा. तिथे खेळाडूचं एक वर्ष 112 दिवसांचं. सतरा वर्षांचा पोरगा तीस वर्षांचा व्हायला 1456 दिवस, म्हणजे चार वर्षं. तिथेही पहिल्या दिवशी आलेल्यांचे खेळाडू केव्हाच म्हातारे झाले, आणि तिथेही हेच रडगाणं आहे.

खऱ्या बास्केटबॉलकडे बघा. बोस्टन सेल्टिक्स आणि न्यूयॉर्क निक्स हे दोन्ही संघ 1946 सालचे, एकाच लीगबरोबर जन्मलेले. सेल्टिक्सनी 1957 ते 1969 या तेरा सीझनमध्ये अकरा विजेतेपदं घेतली. निक्सनी 1970 आणि 1973 साली विजेतेपद मिळवलं आणि पुढची पन्नास वर्षं ते त्यांच्याकडे फिरकलंच नाही, आणि तेही अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या शहराचा बाजार पाठीशी असताना. मायामी हीट 1988 साली आले आणि 2013 पर्यंत त्यांनी तीनदा एनबीए जिंकलं. टोरांटो रॅप्टर्स 1995 साली आले आणि 2019 साली विजेते झाले. निकोला योकिच 2014 च्या ड्राफ्टमध्ये 41 व्या क्रमांकावर निवडला गेला. चाळीस निवडी झाल्या तोवर कुणालाच तो नको होता. 2023 साली डेन्व्हरने त्याच्या जोरावर पहिलं विजेतेपद जिंकलं. आता हे गृहस्थ म्हणतील, एनबीएमध्ये पगाराला कमाल मर्यादा आहे, हरणाऱ्यांना ड्राफ्टमध्ये झुकतं माप आहे. बरोबर. जुनेपण आपोआप जिंकू नये म्हणून तिथे नियम करावे लागले. आपल्या खेळात तेच काम वय आणि पगार करतात, अधिक निष्ठुरपणे करतात.

आणि म्हणून सगळे संघ पुसून टाकण्याची मागणी मला असह्य होते. पुसल्यावर पहिल्या सीझनला कोण वर येईल? ज्यांना खेळ कळतो तेच, म्हणजे पुन्हा हेच जुने. नव्याला काहीही मिळणार नाही. फक्त ज्याने सहा सीझन खपून एक पोरगं घडवलं त्याच्या हातून ते हिसकावलं जाईल. अनुदानाचंही तेच होईल. नव्याला मोठी रक्कम द्या, तो पहिल्याच आठवड्यात तीस वर्षांचा नामांकित खेळाडू घेईल, आणि चार सीझनमध्ये रक्कम आणि खेळाडू दोन्ही गेलेले असतील.

मग नव्याने करावं काय? माझं सांगणं थोडकं आहे. विकत घेऊन जिंकायचा मोह पहिली दीड-दोन वर्षं बाजूला ठेवावा. अठरा-एकोणीस वर्षांचे, चांगल्या क्षमतेचे, साधारण एकाच उंचीचे तीन पोरगे निवडावेत. उंची सारखी असली की एकाच ट्रेनिंगचा तिघांना जवळपास सारखा उपयोग होतो. बुटक्याला आतलं आणि उंचाला बाहेरचं शिकवायला वेळ जास्त लागतो. क्षमतेची मर्यादा जवळ आली की प्रगती मंदावते, म्हणून क्षमता आधीच तपासून घ्यावी.

त्यांना एकसुरी बनवू नये. रिंगखालचा फेक, बचाव आणि रिबाउंड एवढंच शिकवलेला सेंटर पगाराच्या हिशेबात सर्वांत महाग पडतो. त्याच पोराला सुरुवातीची वर्षं हँडलिंग, पासिंग, बाहेरचा बचाव शिकवला तर तो संघाच्या कितीतरी जास्त उपयोगी पडतो आणि पगार त्या मानाने कमी घेतो. अशा तीन पोरांभोवती साधे, स्वस्त, तिशीच्या आतले खेळाडू ठेवले की संघ उभा राहतो. चौथ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत यायला तीन बढत्या लागतात. सगळ्यांत घाईने म्हटलं तरी 42 आठवडे. घाई करू नये. पोरं चोवीस-पंचवीसची होईपर्यंत तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत राहिलं तरी काही बिघडत नाही. तोवर अरीना वाढवत राहावा.

या गृहस्थांना माझी एकच विनंती आहे. येत्या सीझनला ड्राफ्ट होईल, नवी माणसं येतील, त्यांतली काही यांच्याकडे सल्ला मागायला येतील. त्यांना आपल्या आजच्या संघातला एकेक खेळाडू दाखवून त्यांनी सांगावं की हा कधी घेतला, किती वर्षांचा असताना घेतला, कुणी घडवलेला घेतला आणि केव्हा निवृत्त होईल.