दर वेळी टायरच का?



आपल्या मंडळात पिकअप ट्रक असलेली घरे मोजून पाच-सहा. पण गणपतीचे मखर, सतरंज्या, स्पीकर आणि जेवणाची पातेली हॉलवर पोचवायची वेळ आली की सगळ्यांना आधी आठवण होते ती त्यांचीच. कोणाचे घर हलवायचे असो, मुलांचे सामान कॉलेजच्या वसतिगृहात न्यायचे असो, "तुमचा ट्रक मोकळा आहे का हो?" असा फोन येतोच. फोन करणाऱ्याने ट्रकच्या पोटाखाली कधी डोकावून पाहिलेले नसते. त्याचा दोष नाही. मालकानेही पाहिलेले नसते. मी त्या मालकांपैकीच एक.

माझ्या जुन्या पिकअपला रूट २८ वरून मनॅससकडे जाताना थरथर जाणवू लागली. गॅरेजमध्ये गेलो आणि म्हणालो, "गाडी व्हायब्रेट होते." त्यांनी टायरचे बॅलन्सिंग केले. थरथर तशीच. मग अलाइनमेंट झाली. शेवटी टायर जुनेच आहेत म्हणून चार नवे घातले. नव्या टायरांवर गाडी तितक्याच इमानाने थरथरली. गॅरेजवाल्यांनी फसवले असे मी म्हणणार नाही. किती वेगाला, केव्हा, कुठे जाणवते हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" एवढेच म्हणावे आणि मग गोळी लागू पडत नाही म्हणून कुरकुरावे, तसा प्रकार.

पुढे सुट्टी संपल्यावर मुलगी तोच ट्रक घेऊन ब्लॅक्सबर्गला निघाली. ६६ संपून ८१ लागला, दोन्ही बाजूंना मालवाहू ट्रेलर, आणि हॅरिसनबर्गच्या पेट्रोल पंपावरून तिचा फोन आला. "बाबा, पन्नासपर्यंत काही नाही. अठ्ठावन्नला सुरू होतं. स्टिअरिंग शांत आहे, सीट गुणगुणते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आवाज बदलतो. आणि रिव्हर्स घेताना खट् होतं." जे मला दोन महिन्यांत सांगता आले नाही ते तिने चार वाक्यांत सांगितले. तिला म्हटले, तिथून हलू नकोस. आम्ही दोघे बाप टॉर्च घेऊन पोचलो. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या टोकाला, जोडाच्या एका वाटीभोवती, कुंकवाने रेघ ओढावी तशी तांबूस भुकटी जमली होती. ट्रक ओढून गॅरेजला नेला, त्यांनी तो जोड उघडला. वाटीत सुईएवढ्या बारीक रोलरांची रांग असायला हवी होती. तिथे चमचाभर गंज निघाला.

हा जोड म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला सरळ 'क्रॉस' म्हणतात, आणि तेच नाव चांगले, कारण ती वस्तू पोलादी अधिक-चिन्हासारखीच दिसते. चार टोकांना चार वाट्या, प्रत्येक वाटीत बारीक रोलर आणि ग्रीस. गिअरबॉक्स चॅसीला टांगलेला, मागचा आस स्प्रिंगवर वरखाली होणारा. मधला शाफ्ट तिरका राहूनही फिरला पाहिजे, ती सोय हा क्रॉस करतो. कल्पना जुनी आहे. इटलीच्या कार्डानोचे आणि इंग्लंडच्या रॉबर्ट हूकचे नाव तिला चिकटले आहे. मोटारीसाठी तो जोड बसवण्याचे अमेरिकन पेटंट क्लॅरन्स स्पायसरने १९०३ साली घेतले.

आमच्या पिढीतल्या अनेकांना हे तोंडओळखीने तरी ठाऊक होते. ॲम्बॅसॅडर काय, प्रीमियर पद्मिनी काय, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेला हे वाक्य गल्लीतल्या गॅरेजात रोज ऐकू यायचे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिची ओढ पुढच्याच चाकांना. शाफ्ट गेला आणि त्याबरोबर तो शब्दही घरांतून गेला. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीनेही ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. इथे आपल्या दारात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मिनीव्हॅन आणि सेडान. (त्यांच्या आसांचे जोड वेगळ्या जातीचे. वळताना कटकट आवाज आला तर ते पाहावेत, पण तो या लेखाचा विषय नाही.) म्हणजे घरात एखादा पिकअप आला की आपण मारुतीच्या ज्ञानावर तो चालवतो.

माझे म्हणणे एवढेच, की क्रॉस बदलायला शिकू नका हवे तर, पण ओळखायला शिका. आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या नावापुढे इंजिनिअर आहे, तेव्हा थोडे गणित चालेल. साधारण तीस इंची टायर ताशी ६० मैलांना मिनिटाला ६७२ फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला अकरा. मागच्या आसाचे प्रमाण ३.७३ असेल तर शाफ्ट मिनिटाला अडीच हजार फेरे घेतो, सेकंदाला बेचाळीस. म्हणून टायरचा हादरा द्रुत लयीतल्या तबल्यासारखा, ठोका ठोका हाताला कळणारा. पुढचा टायर असेल तर स्टिअरिंगमध्ये. शाफ्टचा हादरा तानपुऱ्यासारखा, बुडाखाली आणि पायाखाली घुमणारा. हा फरक एकदा कळला की चार टायरांचे पैसे वाचतात. माझे वाचले नाहीत.

दुसरी खूण. ज्या वेगाला थरथर होते त्याच वेगाला रिकाम्या रस्त्यावर गिअर एक खाली घ्या. इंजिनचे फेरे वाढले, गाडीचा वेग तोच. थरथर बदलली नाही तर इंजिन निर्दोष. दोष चाकात किंवा शाफ्टात. मग ॲक्सिलरेटर दाबून आणि सोडून पाहा. जोर दिल्या-काढल्याने थरथर पालटत असेल तर क्रॉसवर संशय धरावा. हळू चालताना, विशेषतः रिव्हर्समध्ये, चिमणीसारखे चूंचूं येत असेल तर वाटीतले ग्रीस संपले आहे. थांब्यावरून निघताना गाडी क्षणभर अंग झाडते आणि शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे, तर मधला आधाराचा बेअरिंग पाहावा.

ट्रक रिकामा असताना ठीक आणि सामान भरले की थरथरतो, असेही होते. मागची बाजू खाली बसली की शाफ्टचा कोन बदलतो. तिरका क्रॉस शाफ्टला प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पळवतो आणि दोनदा किंचित रोखतो. दोन टोकांचे दोन क्रॉस एकमेकांची ही खोड खोडून काढतात, पण दोन्हीकडचे कोन जवळजवळ सारखे असतील तरच. आपले मखर आणि पातेली नेमकी हीच परीक्षा घेतात.

खाली शिरून पाहायचे ते सपाट जागी, गाडी थंड असताना. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, हँडब्रेक, मग न्यूट्रल, इंजिन बंद, आत कोणी बसलेले नाही. पिकअपखाली जॅक न लावताही बहुतेकदा शिरता येते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. एका हाताने शाफ्ट धरा, दुसऱ्याने क्रॉसपलीकडचा भाग, आणि उलटसुलट पिळा, मग वरखाली ढकला. डिफरन्शियलच्या दात्यांत थोडी मोकळीक असतेच, ती वेगळी. तिने दोन्ही भाग एकदमच फिरतात. क्रॉसच्या आत मात्र हाताला कळेल इतकीही हालचाल चालत नाही. आणि हालचाल नाही म्हणजे सगळे ठीक असेही नव्हे. गंजून घट्ट झालेला क्रॉस हलत नाही पण थरथर करतोच. तो शाफ्ट काढल्यावरच कळतो. शाफ्ट काढताना गॅरेजवाल्याने खडूने खुणा केल्या का ते विचारा, कारण तो होता तसाच परत बसला पाहिजे.

यावर एक हरकत मी ऐकली आहे. "एवढा वेळ कोणाला आहे? पैसे देतो, मेकॅनिकने बघावे." हरकत खोटी नाही. पण मी पैसे दिलेच होते, तीनदा, आणि ट्रकखाली कोणी पाहिले नाही. पाच मिनिटांची टिपण, किती वेगाला, कुठे जाणवते, जोर दिल्यावर की सोडल्यावर, सामानासह की रिकामा, एवढी हातात दिली की चांगला मेकॅनिक स्वतःच आधी खाली वाकतो. टिपण वाचून जो पुन्हा टायरच म्हणेल, त्याच्याकडून आपली गाडी परत आणावी.

दुसरी हरकत, "थोडी थरथर, चालतेच की." पुढचा क्रॉस चालत्या गाडीत तुटला तर शाफ्टचे टोक रस्त्यावर पडते आणि गाडी त्यावर उचलली जाऊ शकते. शिवाय एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीत 'पार्क' हे गिअरबॉक्सला कुलूप घालते, चाकांना नव्हे. मध्ये शाफ्टच तुटलेला असेल तर पार्कमध्ये ठेवलेला ट्रक उतारावरून खुशाल घरंगळतो. हॉलच्या मागच्या दाराशी सामान उतरवताना आपली मुले कुठे उभी असतात ते आठवून पाहावे. हँडब्रेक लावायची सवय आपण मारुतीबरोबर तिकडेच ठेवून आलो आहोत.

तेव्हा कार्यकारिणीला माझी सूचना अशी. मंडळाचे सामान ज्या ट्रकमधून जाईल, तो ट्रक गणपतीच्या आधी एका शनिवारी सकाळी दोघांनी खालून पाहावा. ग्रीसचे निपल असेल तर चारही वाट्यांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारावा. निपल नसलेला बंद जोड असेल तर भुकटी आणि हालचाल तेवढी पाहावी. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ वर्षभर तिथेच चिकटून असते, तेही धुतले जाईल. कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींना त्या दिवशी जरूर बोलवावे. त्यांच्या कानांवर माझा अधिक विश्वास आहे.

टॉर्च आणि ठोकळे माझ्याकडे आहेत. खाली अंथरायला मंडळाची ती निळी, वरणाचा डाग पडलेली सतरंजी चालेल. ती सध्या कोणाकडे आहे ते कळवावे.