गरोदरपणात चीज बंद? आधी पाकिटाची मागची बाजू वाचा!

घरात गोड बातमी आली की सल्ल्यांची रांग लागते. पपई नको, अननस नको. त्यात आता ‘चीज नको’ची भर पडली आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अशा याद्यांवर इंग्लंड-अमेरिकेतील सल्ल्यांची छाप असते. त्यांत ब्री, कॅमेम्बर्ट ठळक दिसतात, कोपऱ्यावरच्या डेअरीतील सुटे पनीर मात्र दिसत नाही. म्हणजे गरम पिझ्झाला घाबरायचे आणि सुट्या पनीरचा कच्चा तुकडा बिनधास्त तोंडात टाकायचा, असा उलटा प्रकार होऊ शकतो. सरसकट बंदीपेक्षा धोका कुठे आहे, हे सांगणे अधिक उपयोगाचे आहे.

भीती नेमकी कशाची?

लिस्टेरिया मोनोसायटोजेनस या जिवाणूची. माती, पाणी, शेण यांतून तो कच्च्या दुधात येऊ शकतो. इतर अनेक जिवाणू फ्रिजमध्ये सुस्तावतात. हा तिथेही हळूहळू वाढतो. त्याचा संसर्ग दुर्मीळ आहे. पण अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेनुसार, गर्भवतींना तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे १० पट जास्त असते. आईला नुसता ताप, अंगदुखी जाणवते. बाळापर्यंत संसर्ग पोहोचला तर गर्भपात किंवा मुदतपूर्व प्रसूती होऊ शकते. १९८५ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस काउंटीत मऊ, मेक्सिकन पद्धतीच्या चीजमुळे १४२ जणांना लागण झाली. त्यांतील ९३ प्रकरणे गर्भवती आणि त्यांच्या बाळांची होती. २० गर्भ आणि १० नवजात बाळे दगावली. चीजमध्ये पाश्चरीकरण न झालेले दूध मिसळले गेले असावे, असे तपासात पुढे आले.

पाश्चरीकरणाने काय होते?

दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद किंवा ६३ अंशांना ३० मिनिटे तापवले की लिस्टेरिया मरतो. म्हणून चीजच्या नावाआधी दुधाची चौकशी करावी.

कोणते चालते, कोणते टाळावे?

- चेडार, परमेजानसारखे कडक चीज : चालते. त्यात पाणी कमी असल्याने जिवाणूला वाढायला वाव मिळत नाही.
- प्रोसेस्ड चीजचे क्यूब, स्लाइस : चालतात. ते बनवताना चीज तापवून वितळवलेले असते. मीठ मात्र जास्त असते; रक्तदाब वाढलेला असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावे.
- मोझरेला, क्रीम चीज, फेटा : पाकिटावर ‘पाश्चराइज्ड’ असेल तरच.
- पांढऱ्या बुरशीच्या सालीचे ब्री, कॅमेम्बर्ट आणि मऊ ब्लू चीज : पाश्चराइज्ड असले तरी कच्चे टाळावे. ओलावा जास्त आणि आंबटपणा कमी, म्हणजे लिस्टेरियाला हवे तसे वातावरण. आतपर्यंत वाफाळेल इतके शिजवले तर चालते.

पनीरचे काय?

पनीरसाठी दूध चांगले तापवून मग नासवतात, म्हणजे तिथवर काळजी नाही. प्रश्न पुढचा आहे. गाळायचे फडके, दाबायचे वजन, थंड पाणी, दुकानातील सुरी आणि तराजू यांपैकी काहीही अस्वच्छ असले, तर जिवाणू पुन्हा शिरतो. त्यानंतर पनीर कुणी तापवत नाही. म्हणून सुटे पनीर कच्चे खाऊ नये. भाजीत किंवा तव्यावर वाफ येईपर्यंत गरम करून खावे. मुंबईत मिळणारे पारशी पद्धतीचे टोपली पनीर मऊ, ओले असते आणि तसेच खाल्ले जाते. त्याबाबत दुधाची खात्री नसेल तर मोह आवरावा. घरी उकळलेल्या दुधाचे, स्वच्छ फडक्यात बांधलेले ताजे पनीर उत्तम.

सरसकट बंदी का चुकीची?

कारण तिचीही किंमत मोजावी लागते. आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या शिफारशींनुसार गर्भवतीला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. प्रथिने दुसऱ्या तिमाहीत रोज ९.५ ग्रॅम, तर तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅम जादा लागतात. अंडी-मासे न खाणाऱ्या बाईच्या ताटातून पनीर-चीजही काढले, तर ही गरज भागवणे अवघड होते.

‘पाकीट वाचा’ हा सल्लाही तसा अर्धवटच आहे. अन्नपदार्थांच्या वेष्टनावरील माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत देणे नियमाने बंधनकारक आहे; मराठीची सक्ती नाही, मनाईही नाही. मग महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर ‘पाश्चरीकृत दुधापासून’ हे दोन शब्द ठसठशीत मराठीत छापायला कंपन्यांना कोणती अडचण आहे? आणि डॉक्टरांनीही ‘चीज टाळा’ एवढेच न सांगता कोणते टाळायचे आणि कोणते गरम करून खायचे, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे.

एक गोष्ट मात्र प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. गरोदरपणात ताप आला, तर तो अंगावर काढू नये आणि मनाने गोळ्या घेऊ नयेत. गेल्या काही आठवड्यांत काय खाल्ले, तेही डॉक्टरांना सांगावे. लिस्टेरियावर प्रतिजैविके उपलब्ध आहेत. ती वेळेत मिळाली तर बाळाचा धोका कमी करता येतो.