अंगठा उठविण्यापूर्वीं एक रात्र

बैल घ्यावयाचा झाला तर आमचा शेतकरी त्याचे दांत मोजतो, खांदा चाचपतो, चालवून पाहतो आणि तरीही "उद्यां सांगतों" म्हणून बाजारांतून परततो. सुतार दोनदां मापल्याखेरीज फळीला करवत लावीत नाहीं. पण हींच शहाणीं माणसें कर्जाच्या कागदापुढें बसलीं कीं त्यांची घाई पहावी! न वाचतां चार ठिकाणीं सह्या करून मोकळीं!

बंधुभगिनींनो, ही घाई तुमची नव्हे. ती पैसे देणाऱ्याची आहे. विचारी कुळापेक्षां घाईचें कूळ त्याला अधिक पिकतें. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. त्या काळच्या खतांवर नांगराची निशाणी कुणब्याची, पण मजकूर सावकाराचा! पुढें १८७९ च्या कायद्यानें शेतकऱ्याचें खत सरकारी गांव-रजिस्ट्रारासमोर लिहावयाचें ठरलें. हेतु हा कीं निशाणी करणारास मजकूर कळावा.

आज सावकाराची वही मोबाइलांत शिरली आहे आणि बोट लावतांच कर्ज मिळतें. पण थांबण्याचा हक्कही मिळाला आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या घरगुती व लहान धंद्याच्या मुदतकर्जांत बँकेनें वा वित्तकंपनीनें व्याज, फी व हप्ते यांचें पत्रक कर्जदारास समजेल अशा भाषेंत दिलें पाहिजे. कर्जाची मुदत सात दिवस वा अधिक असेल, तर त्यांतील अटी निदान तीन कामाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात. मग "आत्तांच सही करा, नाहीं तर गेलें" हें कशाला ऐकावें?

पत्रक घरीं न्यावें. शाळेंत जाणाऱ्या मुलीकडून मोठ्यानें वाचून घ्यावें. चूल जी चालविते तिला विचारावें. आणि गटाच्या कर्जावर सही तिचीच असेल, तर नवऱ्यानें तिला घाई करूं नये. दहा हजारांतून पांचशें आधींच कापले, तर हातीं साडेनऊ हजार येतात, व्याज मात्र दहा हजारांवर चालतें. म्हणून तीनच गोष्टी विचाराव्या: हातीं किती येणार, एकूण किती फेडणार, हप्ता चुकला तर दंड किती?

दवाखान्याची निकड निराळी. तेथें थांबूं नये. पण लग्नाचा मांडव, नवी गाडी, भारी मोबाइल यांपैकीं एका रात्रींत काय नासतें? जो तुम्हांस एक रात्रही विचार करूं देत नाहीं, त्याच्या पैशाला शिवूं नका!