उभ्या मालमोटारीची हिवाळ्यांतील निगा

हंगाम सरला कीं आपण बैलांस विश्रांति देतों. पण त्यांची वैरण कोणी बंद करीत नाहीं. मालमोटारीच्या बाबतींत मात्र समजूत निराळी दिसते. खरिपाचा माल बाजारांत पोंचला कीं गाडी उघड्यावर उभी राहते, आणि निकडीच्या वेळीं, पौषांतल्या कडाक्याच्या पहाटे, तिनें एका हांकेसरशी उठावें अशी अपेक्षा असते. ती उठली नाहीं कीं दोष थंडीस दिला जातो. आमच्या मतें तो बहुधा आपल्या हयगयीचा असतो.

डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच तेल पेटतें. थंड लोखंड ही उष्णता शोषून घेतें, वंगण दाट होतें आणि एंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो. नेमका त्याच वेळीं बॅटरीचा जोर घटलेला असतो. उभ्या गाडीची बॅटरी आपोआपही उतरते. बारा व्होल्टची बॅटरी स्वस्थ असतांना १२.६ व्होल्ट दाखवील तर ती भरलेली समजावी, १२.४ च्या खालीं तिला उतरूं देऊं नये. गाडी महिनाभर हलणार नसेल तर तिची तार सोडून ठेवावी.

रोज सकाळीं पांच मिनिटें एंजिन चालवून समाधान मानण्याची चाल आम्हांस मुळींच मान्य नाहीं. एवढ्यानें एंजिन पुरतें तापत नाहीं. ज्वलनांतून निपजलेलें पाणी वंगणांत साचतें, आणि खर्चलेली वीजही बॅटरीस भरून मिळत नाहीं. त्यापेक्षां पंधरवड्यांतून एकदां अर्धा तास गाडी रस्त्यावर न्यावी.

टांकी रिकामी ठेवणें ही काटकसर नव्हे. आंतील हवेची वाफ रात्रीं थंड पत्र्यावर धरते व तें पाणी तळाशीं बसून पंप गंजवितें. म्हणून थंडीच्या तोंडीं नवें डिझेल भरून टांकी काठोकाठ ठेवावी, आणि गाळणीखालचें व ब्रेकच्या हवेच्या टांकीतलें पाणी सोडून द्यावें.

डिझेलांत रॉकेल मिसळण्याचा सल्लाही कोणी देतात. लडाखांत डिझेल गोठतें हें खरें. तेथें २०१९ सालापासून उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारें निराळें डिझेल पुरविलें जातें. निफाडची थंडी कितीही बोचरी असली तरी ती लडाखची नव्हे. रॉकेलानें मात्र पंपाचें वंगण कमी होतें.

खरी अडचण ज्ञानाची नाहीं, जबाबदारीची आहे. चार भावांत सामाईक असलेली गाडी कोणाचीच नसते. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. ज्या नोंदीखालीं सही नाहीं, तें काम झालेंच नाहीं असें समजावें, हा तेथला धडा. गाडींत एक वही ठेवावी, आणि गाडी कधीं फिरविली, पाणी कधीं सोडलें, बॅटरी किती भरली, हें तारीखवार लिहून करणाऱ्यानें सही करावी. वहीस खर्च थोडा. पण माल खळ्यांत भरून उभा असतां गाडी न उठली, तर उतरलेला भाव कोणतीही वही भरून देणार नाहीं.