पेव आणि पिशवी

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याच्या पश्चिम टोकाला वसलेले नातेपुते सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते, म्हणजे पावसाळी ढग घाटमाथ्यावर रिते झाल्यावर उरलेले कोरडे वारेच जेथे पोचतात त्या पट्ट्यात येते, आणि म्हणून तेथील घराने पिढ्यान्‌पिढ्या जी आपत्तीची तयारी केली ती मुख्यतः दुष्काळाची होती. जमिनीत खोल खणून तोंड लिंपलेले ज्वारीचे पेव, भिंतीच्या जाडीत बांधलेले बळद आणि गोठ्यामागे रचलेली कडब्याची गंज ही या तयारीची साधने होत. संकट हळूहळू येते, ते येताना दिसते आणि साठा असेल तर घर तग धरते, या अनुभवावर ती उभी होती. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केल्याची परंपरागत कथा आणि १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर मिळालेली सुकडी, या दोन्ही आठवणी साठ्याच्याच आहेत.

ही समज चुकीची नाही, परंतु ती आता अपुरी पडते. १४ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा सोलापूर जिल्ह्यावरून सरकताना प्रचंड पाऊस झाला आणि पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांतील गावे वेढली. दुष्काळ महिन्यांनी मोजला जातो, तर अशा पुरात हाती काही तासच असतात, आणि तासांच्या संकटात पेवाचा उपयोग नसतो.

म्हणून तयारीचा आरंभ घराच्या छपरापासून व्हायला हवा. या भागातील जुन्या घरांवर माळवद असते, म्हणजे लाकडी तुळया आणि किलचांवर मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छप्पर. उन्हाळ्यात ते घर थंड ठेवते, पण दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नवी माती पसरत राहिल्याने थर वाढत जातो, आणि सलग दोन-तीन दिवस पाऊस झाला की भिजलेल्या मातीचे वजन वाळवीने पोखरलेल्या तुळईला पेलत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने हजारो माणसे मारली, ती प्रामुख्याने चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरचा हा भार यांमुळे. तो परिसर तोवर भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित पट्ट्यात गणला जात होता, हे विसरता कामा नये. त्या भूकंपानंतर अभियंत्यांनी जुन्या घरांसाठी सुचवलेले उपाय खर्चिक नव्हते: छपरावरची जास्तीची माती उतरवावी, भिंतीच्या दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड बसवावेत आणि खांब-तुळईच्या सांध्याला तिरपे आधार द्यावेत. जेथे हेही जमत नाही, तेथे झडीच्या रात्री त्या खोलीत कोणी झोपू नये, एवढा निर्णय घराने पावसाळ्यापूर्वीच घ्यावा.

पाण्याचा हिशेब वेगळा आहे, कारण पुराच्या वेळी पाणी भरपूर असते आणि पिण्याजोगे नसते. मदतकार्यात पिण्यासाठी माणशी दिवसाला अडीच ते तीन लिटर आणि सर्व वापरासाठी किमान पंधरा लिटर असे माप धरले जाते. चौघांच्या घराला तीन दिवस पिण्यापुरते म्हणजे सुमारे छत्तीस लिटर झाकलेले पाणी पुरते. त्याच्याजवळ, दाराशी, एक जलरोधक पिशवी टांगलेली असावी: तीत रेशनकार्ड, आधार, पासबुक आणि सातबाऱ्याच्या प्रती, रोजची औषधे, विजेरी आणि चार्ज केलेली बॅटरी असावी. सातबारा आता संगणकावरून पुन्हा मिळतो, परंतु पंचनाम्याच्या वेळी, म्हणजे तलाठी नुकसानीची जागेवर नोंद करतात तेव्हा, तो हाताशी असणे उपयोगी पडते. जनावरांचे दावे मात्र पाणी गोठ्यात शिरण्याआधी सोडले पाहिजे; बांधलेली जनावरे पोहून वाचू शकत नाहीत.

पुराखेरीज वळवाच्या दिवसांत विजेचाही धोका असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप परिसरातील विजेचा इशारा देते, आणि गडगडाट ऐकू आला की एकट्या झाडाखालून निघून पक्क्या घरात जावे.

नातेपुत्याला अशी आखणी नवी नाही. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी येथे मुक्कामी असते, तेव्हा घरे आपल्या माणसांपेक्षा कितीतरी अधिक जणांसाठी पाणी, शिधा आणि झोपायची जागा ठरवतात, आणि कोणी काय करायचे हे आधीच माहीत असते. पंचांगात तिथी असलेल्या दिवसासाठी जे होते, ते बिनतिथीच्या रात्रीसाठी व्हायला हवे: अंथरुणाला खिळलेल्या आजीला कोण उचलणार, वीज कोण बंद करणार, ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक लहान मुलालाही वाचता येतील असे भिंतीवर कोठे लिहिणार, आणि फोन लागला नाही तर सारे कोणत्या उंच जागी भेटणार.