वीज कोणावर पडते?

आभाळातील वीज राव-रंक पाहत नाही, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. वस्तुस्थिती तशी नाही. वीज कोसळते ती दुपार कलल्यावर उघड्या रानात जो उभा असेल त्याच्यावर; आणि त्या वेळी तेथे कोण उभे असते, हे सांगावयास ज्योतिषी नको! राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात विजेने २,८८७ माणसांचा बळी घेतला. निसर्गाच्या कोपाने त्या वर्षी दगावलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून हे अधिक होत. महापूर आला की मंत्र्यांची विमाने आकाशात घिरट्या घालू लागतात. वीज शिवाराशिवारांतून एकेकाला गाठते, म्हणून तिच्यासाठी कोणाचेही विमान उडत नाही.

मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनच्या काढणीचे दिवस आणि परतीच्या पावसाचे दिवस एकच. काढणी बहुधा उक्ती दिलेली असते. जितके रान उरकेल तितके पैसे. माल भिजला तर बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. म्हणून ढग दाटून आले की काम थांबण्याऐवजी त्याला अधिकच वेग येतो. गंजीवर ताडपत्री ओढण्याची एकच धांदल उडते, आणि सरी कोसळू लागल्या की सारेजण बांधावरच्या लिंबाच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली धावतात. मरण नेमके तेथेच टपून असते. झाडावर पडलेली वीज खोडावरून शेजारच्या माणसाच्या अंगावर झेप घेते, बुंध्यापासून जमिनीत पसरते आणि एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. जनावरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर अधिक, म्हणून एका झाडाखालची चार-पाच गुरे एकदम आडवी झालेली दिसतात.

उपाय अज्ञात आहेत असे नाही. गडगडाट कानी आला की वीज आपल्याला गाठण्याइतकी जवळ आहे, असे धरून पक्क्या भिंतींच्या घरात किंवा बंद टपाच्या मोटारीत शिरावे. चार खांबांवरचे पत्र्याचे छप्पर हा निवारा नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात विद्युत् उरत नाही. त्याचा श्वास थांबला असेल तर तत्काळ छाती दाबून हृदय चालू करण्याचा यत्न करावा. शिवू नये म्हणून दूर उभे राहण्यात त्याचा जीव जातो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने तर ‘दामिनी’ नावाचे मोबाइल ॲप काढून विजेची पूर्वसूचना देण्याची सोय केली आहे. कार्य स्तुत्य आहे. परंतु आमचा प्रश्न साधा आहे. मोबाइल वाजल्याने विळा थांबतो काय? काढणीच्या टोळीत बायाच अधिक, आणि घरात एक मोबाइल असला तर तो बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. काम थांबते ते मुकादमाच्या शब्दाने, आणि त्या शब्दामागे दिवसाचा हिशेब असतो. बुडालेल्या अर्ध्या तासाची मजुरी कोणी द्यावयाची, हे ठरल्यावाचून शास्त्रज्ञांचा इशारा रानापर्यंत पोहोचावयाचा नाही.

सगळा भार शेतकऱ्यावर टाका, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. दोन एकरांचा धनी त्याच ताडपत्रीचे दुसरे टोक धरून उभा असतो! भार सरकारने उचलला पाहिजे. मृत्यूनंतर तलाठ्याचा पंचनामा होतो, तहसीलदाराचा अहवाल जातो आणि वारसांना मदत मिळते. ती मिळालीच पाहिजे. पण त्या रकमेत किती मजुरांचे किती अर्धे तास विकत घेता आले असते, याचा हिशेब मंत्रालयात कोणी मांडील काय? रोजगार हमीचा कायदा १९७७ साली देशात सर्वप्रथम करणाऱ्या राज्याला हे अशक्य वाटू नये. सरकारी रस्त्यांच्या आणि कालव्यांच्या कामांवर तर निविदेत एक अट घातली की काम झाले: इशारा मिळताच काम बंद, आणि तो वेळ मजुरीत धरला जाईल. शहरात विसाव्या मजल्याच्या उघड्या स्लॅबवर सळ्या बांधणाऱ्या कामगारालाही हीच अट लागू हवी.

गावासाठी ग्रामपंचायतीचा भोंगा पुरेसा आहे. इशारा आला की तो वाजवावा, आणि शिवाराजवळची शाळा किंवा समाजमंदिर त्या वेळी कुलूपबंद राहू नये. सोयाबीनची काढणी सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते. परिपत्रक त्यापूर्वी निघाले पाहिजे.