आपला पैलवान एकटा का?

आंतरमहाविद्यालयीन कुस्त्यांसाठी वर्गातला एक मित्र नांदेडहून लातूरला निघाला, तेव्हा त्याला निरोप द्यायला बसस्थानकावर मी एकटाच होतो. ऐनवेळी मीही तिकीट काढले. लोहा, अहमदपूर मागे टाकीत एस. टी. लातूरला पोहोचली.

कुस्ती मॅटवर होती. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत मित्राने पट काढून २ गुण घेतले. दुसऱ्या फेरीत लातूरच्या मल्लाने त्याला वर्तुळाबाहेर रेटून १ गुण मिळविला आणि शेवटच्या क्षणी ताबा घेऊन आणखी २. आम्ही ३-२ ने हरलो. लातूरची पोरे शिट्ट्या वाजवीत होती. आमच्याकडून ओरडणारा घसा एकच, माझा. परतीच्या गाडीत तो एवढेच म्हणाला, "आपली चार पोरं असती ना, तर अजून दहा सेकंद दम निघाला असता रे."

ते वाक्य मला अजून टोचते. कोणी म्हणेल, कला शाखेला लाल मातीशी काय कर्तव्य? पण १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचेच विद्यार्थी. त्यांना पाठविण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारे हरिश्चंद्र बिराजदार तर लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. माळेगावच्या आणि सिद्धेश्वराच्या यात्रेत आजही पैलवानामागे त्याचे गाव उभे असते. मग महाविद्यालयाच्या पैलवानामागे महाविद्यालय का नसावे?

मला वाटते, दोष आपल्या उदासीनतेचा आहेच, पण स्पर्धेच्या पद्धतीचाही आहे. पदक ज्याचे त्याला; इतरांना त्यात वाटा नाही. अमेरिकेत दोन महाविद्यालये एका संध्याकाळी समोरासमोर येतात. दहा वजनगट, दहा कुस्त्या. साध्या गुणांवर जिंकल्यास संघाला ३ गुण, चितपट केल्यास ६. म्हणजे हरतानाही जो पाठ टेकू देत नाही, तो आपल्या संघाचे तीन गुण वाचवितो! त्या हिशेबाने माझा मित्र रिकाम्या हाताने परतला नसता. शेवटच्या कुस्तीपर्यंत प्रेक्षकही जागचा हलणार नाही.

नांदेड आणि लातूर १९९४ पासून एकाच विद्यापीठात आहेत. एक वर्ष त्यांनी इकडे यावे, एक वर्ष आपण तिकडे जावे. प्राध्यापकांनी त्या दिवशी दोन तास सोडावेत, आणि आपण मॅटवरचे गुण कसे मोजतात तेवढे शिकून घ्यावे.

मित्रहो, स्नेहसंमेलनात टाळ्या पिटण्यात आपण कधी मागे नसतो. पुढच्या वेळी त्यातल्या थोड्या त्याच्यासाठी राखून ठेवू या. घर गहाण ठेवायला कोणी सांगत नाही. लातूरचे एक तिकीट पुरे.